मेंदू घडतो तेव्हा डोपामिन काय करत असतं?

डोपामिन हा शब्द आता घराघरात पोचलाय. पोरगं मोबाइल सोडत नाही, कारण डोपामिन. रात्री अकराला आइस्क्रीम हवंसं वाटतं, कारण डोपामिन. 'डोपामिन डीटॉक्स' शिकवणारे तर पैशाला पासरी झालेत. अशा वेळी एक साधी गोष्ट सांगितली की समोरचा जरा गडबडतो. आईच्या पोटातला गर्भ सहा ते आठ आठवड्यांचा असतो, लांबीला जेमतेम चिंचोक्याएवढा, तेव्हाच त्याच्या मेंदूत डोपामिन बनवणाऱ्या पेशी दिसायला लागतात. त्या जीवाला मोबाइल नाही, आइस्क्रीम नाही. सुख म्हणजे काय हे कळायला जो मेंदू लागतो, तोच अजून बांधून व्हायचाय. मग हे डोपामिन तिथे करतंय काय?

ते बांधकामात हात घालतंय. कुठल्या पेशीने अजून एकदा दुभंगायचं, कुणी आता थांबायचं, कुणी कुठल्या जातीची चेतापेशी व्हायचं, कुणी कुठवर चालत जायचं, फांद्या किती लांब काढायच्या, अशा निर्णयांवर त्याचा प्रभाव पडतो. आनंदाशी त्याचं नाव जोडलं गेलं ते आपण त्याला बघितलं त्या क्रमामुळे. मोठ्या झालेल्या मेंदूत ते आधी सापडलं, घडणाऱ्या मेंदूत नंतर.

तो क्रम थोडक्यात सांगतो, कारण त्यात मुंबईही येते. डोपामिन हे रसायन 1910 साली लंडनमध्ये प्रयोगशाळेत तयार झालं होतं, पण पुढची चाळीसेक वर्षं त्याची किंमत म्हणजे दुसरं काही बनवतानाचा मधला टप्पा एवढीच होती. इकडे मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो का हे रुग्णांवर पद्धतशीर तपासत होते. त्यांचा लेख 1949 साली ब्रिटिश नियतकालिकात आला आणि सर्पगंधेकडे जगाचं लक्ष गेलं. 1952 मध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हा घटक वेगळा काढला गेला. स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी हेच रेसर्पिन सशांना दिलं. ससे मातीच्या गोळ्यासारखे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचलं आणि ते पुन्हा कान टवकारून हिंडायला लागले. रेसर्पिनने मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा केला होता, एल-डोपाने तो भरून आला. 1957-58 मधल्या या कामासाठी कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं.

एल-डोपाच का, थेट डोपामिन का नाही? कारण रक्तातून मेंदूत शिरायला डोपामिनला परवानगी नाही, एल-डोपाला आहे. पेशी टायरोसिन या अमिनो आम्लापासून एल-डोपा करते, आणि एल-डोपापासून डोपामिन. दोनच पायऱ्या. केळ्यात डोपामिन असतं हे खरं, पण डझनभर केळी खाऊनही त्यातला कण मेंदूत पोचत नाही. उलट ज्या खाजकुइलीची शेंग अंगाला लागली की माणूस थयथयाट करतो, तिच्या बियांत भरपूर एल-डोपा असतं. म्हणून कुणी घरी प्रयोग करू नयेत, हेही इथेच सांगून ठेवतो.

मोठ्या माणसाच्या मेंदूत साधारण 8,600 कोटी चेतापेशी असतात. त्यातल्या मध्यमेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी जेमतेम चार ते सहा लाख. लाखात एकसुद्धा भरत नाही. पण प्रत्येकीचे तंतू इतके लांब आणि इतके फाटे फुटलेले असतात की मोठ्या भागावर त्यांची शिंपण होते. गर्भात हे तंतू वाढत वाढत पुढे सरकतात, आणि जिथे पोचतात तिथल्या बऱ्याच पेशी अजून घडायच्याच असतात.

आता चेतापेशी घडते कशी ते बघू. मावळात किंवा कोकणात भाताची लावणी पाहिली असेल तर हे चटकन समजेल. भात जिथे वाढायचा तिथे थेट पेरत नाहीत. आधी एका लहान तुकड्यात दाट पेरून तरवा करतात. रोपं वीतभर झाली की ती उपटायची, मुठी बांधायच्या, आणि चिखल केलेल्या खाचरात नेऊन लावायची. मेंदूचंही तसंच आहे. त्याच्या आतल्या पोकळ्यांच्या कडेला पेशींचा तरवा असतो. तिथे मूळ पेशी दुभंगत राहतात. त्यातल्या काही दुभंगणं सोडून चेतापेशी व्हायला निघतात आणि चालत चालत आपल्या खाचरात जातात. तिथे मूळ धरतात, फांद्या काढतात, शेजाऱ्यांशी जोडल्या जातात. तरव्यात किती रोपं झाली आणि उपटणी कधी झाली यावर सगळं पीक ठरतं.

या तरव्यावर डोपामिनचा परिणाम होतो हे 2003 साली बॉस्टनमधल्या प्रदीप भिडे यांच्या गटाने उंदराच्या गर्भात दाखवलं. त्यांनी पाहिलेला तरवा होता स्ट्रायटम या भागाच्या पेशी पुरवणारा. स्ट्रायटम म्हणजे हालचाल आणि सवयी यांचं मोठं केंद्र, आणि डोपामिनचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गंमत अशी की डोपामिनचा परिणाम एकाच दिशेने झाला नाही. एका प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे डोपामिनचा निरोप झेलणारे पेशीचे कान, जागे केले तर पेशींचं दुभंगणं मंदावलं, दुसऱ्या प्रकारचे जागे केले तर वाढलं.

हा मुद्दा नीट समजून घेतला की बाकीचं सोपं जातं. गिरणगावात भोंगा वाजायचा, तेव्हा एका पाळीची माणसं कामावर शिरायची आणि दुसऱ्या पाळीची घरी सुटायची. आवाज एकच. त्याचा अर्थ ऐकणारा कुठल्या पाळीचा यावर. डोपामिन हा तसा भोंगा आहे. पेशीच्या अंगावर जे रिसेप्टर असतात त्यावर तिची पाळी ठरते. त्यांचे पाच प्रकार आहेत, डी-1 ते डी-5, आणि त्यांची दोन घराणी पडतात. डी-1 आणि डी-5 हे पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या वाढवतात. डी-2, डी-3 आणि डी-4 तो कमी करतात. त्यामुळे 'डोपामिन वाढलं की अमुक होतं' असं वाक्य कुणी टाकलं की मी आधी विचारतो, कुठे, कधी आणि कुणाच्या अंगावर?

चालत जाणाऱ्या पेशींचंही असंच. मेंदूच्या वरच्या थरात शांतता राखणाऱ्या, म्हणजे शेजाऱ्यांचा कलकलाट आवरणाऱ्या चेतापेशी असतात. त्यातल्या बऱ्याच खालच्या बाजूच्या तरव्यात जन्मतात आणि आडव्या वाटेने लांबचा प्रवास करून वर येतात. उंदरांमध्ये डी-1 जागा केला तर हा प्रवास जोर धरतो, डी-2 जागा केला तर रेंगाळतो.

पण मला या सगळ्यात सगळ्यात सुरेख वाटतो तो माशाचा प्रयोग. झेब्राफिश आपल्याकडच्याच नद्यांतला, बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने गंगेच्या खोऱ्यातले मासे नोंदताना 1822 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हॅमिल्टन शिकला होता एडिनबरा विद्यापीठात, आणि जवळपास दोनशे वर्षांनी हा प्रयोग झाला तोही तिथेच. या माशाची अंडी आईच्या अंगाबाहेर वाढतात आणि गर्भ काचेसारखा पारदर्शक असतो. एका दिवसात शरीराचा आकार येतो. म्हणजे आत कुठली पेशी कधी जन्मली हे जवळजवळ डोळ्यांनी बघता येतं.

माशाच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचा एक गट आपले तंतू खाली मज्जारज्जूत सोडतो. हे तंतू खाली उतरतात तेव्हा तिथे अजून चेतापेशी तयार होत असतात. कॅथरिना बेकर यांच्या गटाने 2013 मध्ये विचारलं, या तंतूंमधून झिरपणारं डोपामिन तिथल्या जन्मांवर काही परिणाम करतं का? त्यांनी डोपामिन बनूच दिलं नाही, किंवा तरव्यातल्या पेशींवरचा डी-4 रिसेप्टर काम करू दिला नाही. दोन्ही वेळा मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी, कमी जन्मल्या. डोपामिनसारखं काम करणारं औषध दिलं तर त्या जास्त जन्मल्या, आणि शेजारची एक दुसरी जात, जिचं काम मज्जारज्जूच्या आतल्या आत निरोप फिरवणं, ती तेवढी घटली. म्हणजे नुसती संख्या वाढली नव्हती. कुणी काय व्हायचं ही वाटणीच बदलली होती. सुरुवातीच्या त्या थोड्या तासांत हा निरोप अडवला तर मोटर न्यूरॉनची कमतरता पुढेही भरून निघाली नाही, आणि पिल्लांच्या हालचालीतही ती दिसली.

हे घडतं कसं, तर इथे सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन येतं. नाव विनोदी आहे, आणि त्याची गोष्टही. 1980 मध्ये फळमाशीचं एक जनुक सापडलं. ते बिघडलं की अळी काटेरी दिसायची, म्हणून त्याला हेजहॉग या काटेरी प्राण्याचं नाव दिलं. पुढे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत त्याचे भाऊबंद सापडले, तेव्हा त्यातल्या एकाला व्हिडिओ गेममधल्या सॉनिकचं नाव चिकटलं. मज्जारज्जूच्या तळातून हे प्रथिन वर झिरपत जातं. तळाजवळच्या पेशींना त्याचा निरोप मोठ्याने ऐकू येतो, लांबच्यांना हळू, आणि त्या आवाजावरून कोण काय होणार हे ठरतं. पेशीच्या आत एक प्रथिन हा आवाज सतत दाबून ठेवत असतं, आणि त्या दाबणाऱ्याला बळ मिळतं सायक्लिक एएमपीकडून. डी-4 रिसेप्टर सायक्लिक एएमपी कमी करतो. दाबणारा हात सैल पडतो आणि हेजहॉगचा निरोप स्पष्ट ऐकू येतो. डोपामिनने स्वतः नवा हुकूम दिला नाही, आधीच्याच हुकमाचा आवाज वाढवला.

आणि आपल्या मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशी स्वतः कुणाच्या हुकमाने तयार होतात? गर्भाच्या मेंदूच्या तळातून झिरपणाऱ्या याच सॉनिक हेजहॉगच्या. त्याच्या जोडीला आणखी काही निरोप लागतात, आणि नर१ (इंग्रजीत Nurr1) सारखी जनुकं वेळेवर सुरू व्हावी लागतात. 1997 मध्ये नर१ काढून टाकलेल्या उंदरांत या पेशी तयारच झाल्या नाहीत, आणि पिल्लं जन्मानंतर लगेच मेली. म्हणजे हेजहॉगच्या मदतीने डोपामिनवाले घडतात, आणि माशात तरी डोपामिनवाले पुढे हेजहॉगच्या मदतीला जातात.

मेंदू वर आणि मज्जारज्जू खाली, दोन्ही एकाच वेळी वाढतायत. वरून हुकूम देणारे तयार होत असताना खाली हुकूम झेलणारेही तयार हवेत. डोपामिनचे तंतू खाली उतरणं म्हणजे 'आम्ही पोचलो, आता तुमच्याकडे माणसं लावा' असा सांगावा, असं मला हे वाचताना वाटलं. माशाच्या पिल्लाला डोपामिनची गरज त्यानंतरही पडते. तिसऱ्या दिवशी ते एकदा सुटलं की लांबलचक वेडंवाकडं पोहत सुटतं. चौथ्या दिवशी ते छोट्या छोट्या झेपा घेऊन थांबायला शिकतं. डी-4 अडवला तर ते तिसऱ्या दिवसाच्याच पद्धतीने पोहत राहतं.

झेब्राफिशचा मज्जारज्जू कापला तरी तो पुन्हा भरून येतो, आपला येत नाही. मोठ्या माशात कापल्यावर मेंदूकडून येणारे डोपामिनचे तंतू तुटतात. जखमेच्या वरच्या बाजूला ते शिल्लक राहतात, खालच्या बाजूला झडून जातात. आणि नवे मोटर न्यूरॉन वरच्या बाजूला जास्त जन्मतात. हे तंतू आधीच नष्ट केले तर वर-खालचा फरक उरत नाही. गर्भातली युक्ती मासा म्हातारपणापर्यंत जपून ठेवतो म्हणायचा.

इथवर वाचून कुणाला वाटेल की डोपामिन नसेल तर मेंदूच होणार नाही. तसं नाही. 1995 मध्ये सिअॅटलच्या रिचर्ड पामिटर यांच्या प्रयोगशाळेत जनुक बदलून असे उंदीर तयार केले गेले ज्यांच्या डोपामिन पेशी डोपामिन बनवूच शकत नव्हत्या. पिल्लं जन्मली, बघायला ठीकठाक होती. मेंदूची ढोबळ रचना जवळपास नेहमीसारखी होती. रिकाम्या हाताने का होईना, डोपामिनवाल्या पेशीही जागच्या जागी होत्या. बिघाड दिसला तो नंतर. काही आठवड्यांत पिल्लं हलेनाशी झाली, समोर अन्न असून खाईनात, पाणी पिईनात. एल-डोपा टोचलं की उठून खायची, नाही दिलं तर उपाशी मरायची. म्हणून मी डोपामिनला मेंदूचा शिल्पकार वगैरे म्हणायला तयार नाही. भिंती त्याच्याशिवाय उभ्या राहतात. ओळंबा धरून बारीक दुरुस्त्या करणाऱ्या माणसासारखं त्याचं काम आहे, आणि तो माणूस आला नाही तर घर पडत नाही, पण दारं नीट बसत नाहीत.

याच बारीक दुरुस्त्यांमुळे गर्भातल्या कोकेनचा प्रश्न अवघड होतो. कोकेन डोपामिनला पेशीत परत ओढून घेणारा पंप बंद पाडतं, त्यामुळे डोपामिन बाहेर साठून राहतं. अमेरिकेत पॅट लेव्हिट यांच्या गटाने गाभण सशिणींना कोकेनचे छोटे डोस दिले. पिल्लं वरवर छान होती. पण मेंदूच्या पुढच्या भागातल्या एका पट्ट्यात काही चेतापेशींच्या फांद्या प्रमाणाबाहेर लांब झाल्या होत्या, आणि जागा तेवढीच असल्यामुळे नागमोडी वळल्या होत्या. तिथले डी-1 रिसेप्टर पेशीच्या अंगावर राहण्याऐवजी आत जाऊन बसले होते. वाढीला आवर घालणारा भोंगा वाजत होता, ऐकायला दारात कुणी नव्हतं. सशाचा गर्भकाळ महिनाभराचा. त्यातल्या सोळाव्या ते पंचविसाव्या दिवसांत कोकेन दिलं तरच हे झालं.

सशाचं हे दिसलं म्हणून माणसाचंही तसंच, असं मात्र लगेच म्हणता येत नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत कोकेन घेणाऱ्या आयांच्या बाळांबद्दल प्रचंड घबराट पसरली होती. ही मुलं आयुष्यातून उठलीच असं छापून येत होतं. फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट यांनी 1989 ते 1992 या काळात जन्मलेली 224 बाळं निवडली, सगळी गरीब वस्त्यांतली, त्यातली निम्मी गर्भात कोकेनला सामोरी गेलेली. त्यांचा वीसेक वर्षं माग ठेवला. चार वर्षांची असताना कोकेनवाल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक 79 च्या आसपास होता. बाकीच्यांचा? 82 च्या आसपास. दोन्ही गट खालीच होते, आणि त्यांच्यातला फरक नगण्य होता. मुलांना खाली ओढत होतं ते दारिद्र्य आणि रोज डोळ्यांपुढे होणारी हिंसा. कोकेन निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही. इतर काही अभ्यासांत लक्ष टिकवण्यात थोडे फरक आढळलेत. पण पेशीत दिसलेला बदल आणि मुलाचं आयुष्य यांच्यामध्ये बरंच काही येतं. डोपामिनवर परिणाम करणारी काही औषधं मानसिक आजारांत द्यावी लागतात. गरोदरपणी घाबरून ती स्वतःच्या मनाने बंद करणं जास्त घातक ठरू शकतं. ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं.

जन्मानंतर हे काम संपतं का? मेंदूच्या कपाळामागच्या भागात, जिथे विचार करून थांबणं, तोलणं, पुढचं बघणं चालतं, तिथे पोचणारे डोपामिनचे तंतू वयात येण्याच्या काळातही वाढत असतात. माँट्रिअलच्या सेसिलिया फ्लोरेस यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की हे तंतू त्या वयात लांबचा पल्ला मारून तिथे नव्याने पोचत असतात. त्यांना वाट दाखवणारी प्रथिनं असतात, आणि किशोरवयात ॲम्फेटामिन हे उत्तेजक दिलं तर ती वाट चुकते. सोळा वर्षांच्या मुलाशी वाद घालताना त्याच्या कपाळामागे अजून वायरिंग चालू आहे हे आठवलं तर निदान आपला आवाज थोडा खाली येतो. निदान माझा येतो.

मेंदू घडण्याच्या या अभ्यासाचा सगळ्यात रोकडा उपयोग पार्किन्सनमध्ये होतोय. या आजारात मध्यमेंदूतल्या त्याच मूठभर डोपामिन पेशी मरत जातात. 1960 मध्ये व्हिएन्नात मृत रुग्णांच्या मेंदूंत डोपामिनचा हा दुष्काळ दिसला, आणि त्यातूनच एल-डोपाचं औषध आलं, जे आजही दिलं जातं. पण औषध पेशी परत आणत नाही. म्हणून प्रयोगशाळेत नव्या पेशी करायच्या, तर त्यांना गर्भात जे निरोप ज्या क्रमाने मिळतात तेच ताटलीत द्यावे लागतात. आधी मूलपेशींना मेंदूच्या तळाची ओळख द्यायची, त्यासाठी सॉनिक हेजहॉगचा निरोप. मग नेमका मध्यमेंदू ठरवणारा दुसरा निरोप, ठरल्या दिवशी, ठरल्या मात्रेत. मात्रा चुकली की भलत्याच भागाच्या पेशी हाती येतात. क्योतो विद्यापीठात 2018 पासून अशा पेशी पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत सोडल्या गेल्या. सात रुग्णांची माहिती 2025 मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम दिसला नाही, पेशी जगल्या, आणि त्या डोपामिन बनवत असल्याचं स्कॅनमध्ये दिसलं. काहींच्या हालचाली सुधारल्या, सगळ्यांच्या नाही.

लावलेल्या पेशी पूर्ण वाढलेल्या नव्हत्या. वाढीच्या मधल्या टप्प्यावरच्या, तरव्यातून नुकत्या उपटलेल्या रोपासारख्या. पूर्ण वाढलेली चेतापेशी उपटून दुसरीकडे लावली तर तिचे लांब तंतू तुटतात आणि ती तग धरत नाही, म्हणून हा टप्पा निवडतात. उरलेलं मोठं होणं त्यांनी पन्नाशी-साठीच्या माणसाच्या मेंदूत केलं.